हात, कमळ, धनुष्यबाण आणि माझी २००९ ची वही

मंडळी, पोस्ट लांब झालीय. आधीच सांगतो, म्हणजे मग "थोडक्यात लिहा" म्हणून कमेंट नको. चहा घेऊन बसा.

पावसाआधी माळा आवरायला घेतला होता. जुने पेपर, लग्नपत्रिका, वाळवीने खाल्लेली दोन पुस्तकं आणि त्यात एक दोनशे पानी वही. वर माझ्याच अक्षरात लिहिलेलं, "निवडणूक २००९". तेव्हा मी पत्रकारितेचा डिप्लोमा करून नुकता गावात आलो होतो आणि एका दैनिकाला माहीम-केळव्याच्या बातम्या द्यायचो. सेंटीमीटरवर पैसे मिळायचे, त्यामुळे बातमी लांबवायची सवय तेव्हापासूनची आहे, माफ करा.

२००९ हे साल आपल्याकडे तसं महत्त्वाचं. तोवर आपण डहाणू लोकसभा मतदारसंघात होतो. पुनर्रचना झाली आणि पालघर नावाचा मतदारसंघ पहिल्यांदाच मतदानाला सामोरा गेला. मी उत्साहात माहीम, केळवे, सातपाटी, बोईसर असा सायकलने आणि मिळेल त्या रिक्षाने फिरलो आणि लोकांना एकच विचारलं: उमेदवार दारात आला तर काय विचाराल? उत्तरं वहीत आहेत. सूर्या धरणाचं पाणी आमच्या शेताला कधी? तारापूर एमआयडीसीचं सांडपाणी किती दिवस समुद्रात? विरारच्या पुढे लोकल कधी? भरतीचं खारं पाणी पानवेलीच्या वाड्यांत शिरतं, बांध कोण घालणार? पाचवा प्रश्न वेगळ्या शाईने, नंतर लिहिलेला आहे, २०१५ चा: वाढवणचं बंदर परत येणार का?

लोकलच्या प्रश्नापुढे बरोबरची खूण आहे. एप्रिल २०१३ मध्ये डहाणूपर्यंत उपनगरी गाडी आली, तेव्हा केलेली. बाकीच्यांपुढची जागा कोरी.

आता त्या कोऱ्या जागेसमोर निशाण्या कशा फिरल्या ते सांगतो. ही कुणा एका माणसाची निंदा नाही, कायद्याने यात काही गैर नाही. फक्त क्रम बघा.

राजेंद्र गावित २००९ ला पालघरचे आमदार झाले, निशाणी हात. पुढे राज्यमंत्रीही झाले. २०१४ ला शिवसेनेच्या कृष्णा घोडांनी त्यांना अगदी थोड्या मतांनी हरवलं. घोडा गेले, २०१६ ला पोटनिवडणूक झाली, तीही गावित हरले. मग ३० जानेवारी २०१८ ला खासदार चिंतामण वनगा यांचं दिल्लीत निधन झालं. वनगा म्हणजे भाजपचे जुने, साधे, तीन वेळा लोकसभेत गेलेले नेते. त्यांचे चिरंजीव श्रीनिवास वनगा शिवसेनेत गेले आणि धनुष्यबाणावर उभे राहिले. भाजपने काँग्रेसमधून गावितांना आणून कमळावर उभं केलं. म्हणजे भाजपच्या घरातला माणूस सेनेकडून आणि काँग्रेसचा माणूस भाजपकडून. त्या मे महिन्यात आपल्या गावात सगळे चॅनेलवाले येऊन गेले, आठवतंय ना? गावित २ लाख ७२ हजारांवर, वनगा २ लाख ४३ हजारांवर. फरक २९,५७२.

वर्षभरात युती झाली, पालघरची जागा सेनेला गेली आणि जागेबरोबर खासदारही सेनेत गेले. २०१९ ला तेच गावित धनुष्यबाणावर निवडून आले, यावेळी ८८,८८३ मतांनी. समोर बहुजन विकास आघाडीचे बळीराम जाधव. त्यांच्या पक्षाची ओळखीची शिट्टी त्या वेळी दुसऱ्याला गेली आणि त्यांच्या वाट्याला रिक्षा आली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये श्रीनिवास वनगा पालघरचे आमदार झाले, धनुष्यबाणावरच. वर्षापूर्वी एकमेकांसमोर असलेले दोघे एकाच निशाणीखाली.

पुढे सेना फुटली. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिलं. २०२४ च्या लोकसभेला जागा भाजपकडे गेली, उमेदवार झाले विष्णू सवरांचे चिरंजीव हेमंत सवरा, गावित पुन्हा भाजपमध्ये. ऑक्टोबरात गावित शिंदेंच्या शिवसेनेत, पालघर विधानसभेचं तिकीट त्यांना आणि विद्यमान आमदार वनगांचं कापलं. वनगांचं ते रडणं सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. गावित निवडून आले.

आमच्या आळीत एक म्हातारी बाय आहे, मासे विकून पोरं वाढवली. विधानसभेच्या आदल्या दिवशी तिने मला हाक मारून विचारलं, "अरे, तो या टायमाला कुठल्या निशाणीवर हाय?" मी सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे मागल्याच्या मागलीच." मी हसलो. मग घरी येऊन विचार केला, तर तिला माझ्यापेक्षा जास्त कळलं होतं. ती माणूस शोधत होती, मी पक्ष मोजत होतो. आणि वहीतला प्रश्न दोघंही विचारत नव्हतो.

मतदानयंत्रावर पक्षाचं नाव छापलेलंच नसतं, हे कधी लक्षात आलंय का? उमेदवाराचं नाव, आता फोटो आणि निशाणी. बस. ही निशाणी पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीपासूनची, १९५१-५२ ची. बहुतेक मतदारांना वाचता येत नव्हतं, म्हणून तेव्हा प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवली आणि पेटीवर निशाणी चिकटवली. काँग्रेसची बैलजोडी होती. चांगली सोय होती ती. पण सोयीची हळूहळू सवय झाली आणि सवयीचं घराणं. आमच्या आजोबांना "तुम्ही कुणाला?" असं विचारलं तर ते पक्ष सांगायचे नाहीत, "बैलाला" म्हणायचे.

मात्र याच आजोबांनी आयुष्यात एकदा बैल सोडला. १९५७ ला.

त्या निवडणुकीत मराठी माणसापुढे एकच सवाल होता. मुंबईसह संयुक्त महाराष्ट्र हवा की द्विभाषिक राज्य चालेल? ६ फेब्रुवारी १९५६ ला संयुक्त महाराष्ट्र समिती झाली, तिच्यात कोण नव्हतं? प्रजासमाजवादी, कम्युनिस्ट, शेकाप, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन, जनसंघ, हिंदुमहासभा. एरवी एका पंगतीला बसणार नाहीत अशी माणसं. ठाण्यातून लोकसभेला कम्युनिस्ट शामराव परुळेकर निवडून आले. माझे आजोबा वाडीवाले, देवभोळे, कम्युनिस्ट म्हटलं की कानाला हात लावणारे. घरात सांगतात की मत देऊन आले आणि आजीला म्हणाले, "कम्युनिस्टाला नाय दिला, मुंबईला दिला."

१ मे १९६० ला राज्य झालं. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसला विधानसभेच्या २६४ पैकी २१५ जागा मिळाल्या. आजोबा परत बैलाला. मुद्दा संपला, समिती विस्कटली, लोक आपापल्या घरी गेले. लोकांना काही कळत नाही असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून बघावेत. आणि हो, उंबरगाव तालुका त्याच वेळी आपल्याकडून गुजरातला गेला. त्याचं मत कुणी स्वतंत्रपणे घेतलं नाही.

गोव्यात मात्र घेतलं. माझ्या मते आपल्या भाषेच्या इतिहासात मुद्द्यावरच्या मतदानाचं याहून स्वच्छ उदाहरण नाही, म्हणून जरा थांबून सांगतो.

गोवा मुक्त झाला १९६१ ला. १९६३ च्या पहिल्या निवडणुकीत महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष सत्तेत आला. नावातच महाराष्ट्र, मुख्य कार्यक्रम विलीनीकरण. भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री. सरळ हिशोब असा की ज्याचं सरकार त्याचा मुद्दा मान्य, करा विलीन. पण विरोधकांचं म्हणणं होतं की लोकांनी पक्ष निवडला तो कसेल त्याची जमीन, बहुजनांची शाळा यासाठी. विलीनीकरण वेगळं विचारा. संसदेने १९६६ च्या डिसेंबरात त्यासाठी खास कायदा केला. मतदान निर्वेध व्हावं म्हणून बांदोडकरांच्या सरकारने आधी राजीनामा दिला. १६ जानेवारी १९६७ ला मतदान. विलीनीकरणाला फूल, केंद्रशासित राहायला दोन पानं. उमेदवार नाही, पक्ष नाही.

दोन पानांना १,७२,१९१ मतं, फुलाला १,३८,१७०. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी हरलं.

आता पुढची गंमत. दोन महिन्यांनी, मार्चमध्ये, विधानसभा निवडणूक झाली. ज्या पक्षाचा मुख्य मुद्दा लोकांनी जानेवारीत फेटाळला, त्याच पक्षाला ३० पैकी १६ जागा देऊन परत सत्तेवर बसवलं. बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री. मला मराठी माणूस म्हणून त्या निकालाचं वाईट वाटलं असतं की बरं, ते सोडा. पण मतदार म्हणून त्यांनी काय केलं बघा: तू राज्य चालव, पण ही एक गोष्ट आम्ही ठरवणार. एकाच माणसाला "हो" आणि "नाही" दोन्ही सांगितलं, आणि दोन्ही ऐकलं गेलं. आपल्याकडे बंदर, सांडपाणी, धरण, लोकल, जात, नातं आणि मोदी-ठाकरे-पवार हे सगळं एका बटणात कोंबलेलं असतं. बीप वाजला की कशाला वाजला कुणालाच कळत नाही.

असा वेगळा प्रश्न विचारण्याचा प्रयोग आपल्याच कोकणात झालाय. २१ सप्टेंबर २००८, रायगड जिल्हा. रिलायन्सच्या महामुंबई सेझसाठी जमीन जाणार होती. हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या २२ गावांत सरकारने शेतकऱ्यांचंच मत घेतलं: जमीन द्यायची की नाही? एन. डी. पाटील यांच्यासारखे लोक त्या लढ्यात होते, पण मत द्यायला कुठल्या पक्षाचं पोर असण्याची गरज नव्हती. सातबारावर नाव लागत होतं. कौल प्रचंड बहुमताने विरोधात गेला. कायद्याने तो बंधनकारक नव्हता, तरी तो सेझ पुढे गेला नाही. त्यातली एक खोटही सांगायला हवी. सातबारावर नाव नसलेला मजूर, कूळ, घरातली बाई यांना मत नव्हतं. मुद्द्यावर मत घ्यायचं ठरवलं तरी मत कुणाचं हा मुद्दा राहतोच.

बायकांवरून आठवलं. दारूचं दुकान बंद करायचं असेल तर आपल्या राज्यात बायकांना मतदान मागता येतं. गावातल्या किंवा वॉर्डातल्या २५ टक्के महिलांनी सह्या केल्या की मतपत्रिकेवर उभी बाटली आणि आडवी बाटली. आडवीला झालेल्या मतांच्या नव्हे, एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून जास्त मतं लागतात. म्हणजे घरी राहिलेली बाई आपोआप उभ्या बाटलीकडे मोजली जाते. इतका कडक नियम आमदार निवडताना लावला तर विधानसभा निम्मी रिकामी राहील. तरीही राज्यात कितीतरी गावांत बाटली आडवी झालीय. तिथे कुणी विचारत नाही की वहिनी तुम्ही कुठल्या पक्षाच्या.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे पक्षच नकोत? असं मी म्हणत नाही. तलासरी-डहाणूकडे बघा. मे १९४५ मध्ये झरीला परिषद झाली, गोदूताई आणि शामराव परुळेकरांनी वारली माणसाला वेठीविरुद्ध उभं केलं. लाल बावटा त्या लढ्यातून आला. ८० वर्षं होऊन गेली, डहाणूने २०१९ ला आणि २०२४ लाही माकपचे विनोद निकोले निवडून दिले, तेही आजूबाजूला सगळं वारं उलटं वाहत असताना. तिथे निशाणी म्हणजे एका जुन्या मुद्द्याची आठवण आहे. आमच्याकडे निशाणीत काय आठवायचं, तो प्रश्न आहे.

आणि पक्ष नको म्हणून आपण चांगला माणूस निवडला तरी तो दिल्लीत एकटा पडतो. मूळ राज्यघटनेत राजकीय पक्ष हा शब्दच नव्हता. १९८५ ला ५२ वी घटनादुरुस्ती झाली, पक्षांतरबंदी आली, तिच्याबरोबर तो शब्द घटनेत शिरला. हेतू चांगला होता, आयाराम-गयाराम थांबवायचे होते. झालं असं की खासदाराने पक्षादेशाविरुद्ध मत दिलं तर त्याचं पद जाऊ शकतं. राजीनामा देऊन दुसऱ्या निशाणीवर उभं राहिलं तर मात्र काही होत नाही. मुद्द्यासाठी पक्षाविरुद्ध गेलं तर शिक्षा, तिकिटासाठी पक्ष बदलला तर हार-तुरे.

वाढवणचंच घ्या. बंदर पहिल्यांदा आलं ९० च्या दशकात, पी अँड ओ ही परदेशी कंपनी आणणार होती, तेव्हा राज्यात युती. ते थांबवलं कुणी? कुठल्या पक्षाने नाही. डहाणू तालुका १९९१ लाच पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला होता, सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने १९९६ ला प्राधिकरण नेमलं गेलं, न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष. १९९८ ला प्राधिकरणाने सांगितलं, बंदर इथे बसत नाही. २०१५ ला विषय पुन्हा उकरला. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने तत्त्वतः मंजुरी दिली, तेव्हा राज्यात महाविकास आघाडी. जुलै २०२३ मध्ये त्याच प्राधिकरणाने, आता नवीन सदस्यांनी, ना हरकत दिली. ४ जून २०२४ ला लोकसभेचा निकाल लागला आणि १९ जूनला केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटींचा प्रकल्प मंजूर केला. पंधरा दिवस. ३० ऑगस्टला पंतप्रधान पालघरला येऊन भूमिपूजन करून गेले.

बंदराला विरोध करणारे म्हणतात, आम्ही हरलो कारण लोकांनी मुद्द्यावर मत दिलं नाही. सवरा १ लाख ८३ हजारांवर मतांनी जिंकले, हे खरं. पण मी इथे माझ्याच लोकांशी थोडा वाद घालणार आहे. आपला मतदारसंघ २१ लाखांहून जास्त मतदारांचा. त्यात वसई, नालासोपारा आले. नालासोपाऱ्याच्या चाळीत राहणाऱ्या बाईचा मुद्दा वाढवण नाही, नळ आहे. तिचा नळ भरायचा तर सूर्याचं पाणी लागतं. वसई-विरार आणि मीरा-भाईंदरसाठी रोज ४०३ दशलक्ष लिटर पाण्याची योजना त्याच सूर्या प्रकल्पावर आहे, ज्याचं पाणी डहाणू-पालघर-विक्रमगडच्या शेतीला द्यायचं म्हणून धरण बांधलं. तिने मुद्द्यावर मत दिलं तर ते माझ्या वहीतल्या पहिल्या प्रश्नाच्या विरुद्ध जातं. आणि ती चुकीची नाही.

हे मला वही बघेपर्यंत नीट कळलं नव्हतं. पक्षाच्या नावाखाली आपण एकमेकांशी भांडत असतो असं वाटतं, पण खरं भांडण झाकलेलं असतं. दोन्हीकडच्या सभेत एकच उमेदवार "पाणी देणार" म्हणतो. कुणाचं काढून देणार, हे त्याला विचारलं तर सभा मोडेल, म्हणून कुणी विचारत नाही.

विचारणारे लोक वेगळ्या रस्त्याने गेले. तारापूरच्या सांडपाण्यासाठी अखिल भारतीय मांगेला समाज परिषद २०१६ ला हरित लवादात गेली. नवापूरच्या समुद्रात जे सोडलं जातं त्याचा जाब कुठल्या जाहीरनाम्याने नाही, मच्छीमारांच्या संघटनेने विचारला. २०१९ ला आपल्या मतदारसंघात नोटाला २९ हजारांवर मतं पडली. त्यातली किती बंदराची, किती बुलेट ट्रेनची, किती नुसत्या वैतागाची, हे बटण सांगत नाही. हीच तर त्याची अडचण.

म्हणून या वेळी एक साधी गोष्ट केली. वहीतले प्रश्न एका कागदावर टाईप केले, पाचच्या जागी सहा केले. सहावा: तुम्ही निवडून आल्यावर पक्ष बदललात तर या पाच उत्तरांचं काय? खाली सहीची जागा सोडली. गेल्या प्रचारात आपल्या चौकात एक इच्छुक आले होते, गाडीतून उतरून सगळ्यांच्या पाया पडत. नाव-पक्ष सांगत नाही. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचला, अगदी शेवटपर्यंत वाचला, हे त्यांचं कौतुक. मग खिशातून पेन काढलं, पहिल्या प्रश्नापुढे "प्रयत्न करू" लिहिलं, दुसऱ्यापुढे "प्रयत्न करू" लिहिलं, आणि बंदराच्या प्रश्नाशी थांबले. मागे उभ्या असलेल्या कार्यकर्त्याला विचारलं, "यावर आपलं काय आहे?"

कार्यकर्ता म्हणाला, "दादा, अजून वरून आलं नाय."

कागद माझ्याकडे आहे. सही नाही. ज्यांना हवा त्यांनी कमेंटमध्ये सांगा, पाठवतो. आपापल्या गावाचा प्रश्न खाली वाढवून घ्या, आणि उत्तर मिळालं तर फोटो इथेच टाका, उमेदवार कुठल्याही निशाणीचा असो.